मूळ प्रत

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, असा बन्सीधरचा दंडक होता. सिताराम वाव्हळेनं चपला दाराबाहेर काढल्या, खिशातून लग्नपत्रिकेचा मजकूर काढून हातात धरला, धुळीसाठी लावलेला जाड पडदा बाजूला सारून आत पाऊल टाकलं, आणि समोरच्या काचेवर त्याला आपली आक्का दिसली. तशी ती अक्षरंच होती. काळी, एका रेषेत उभी. पण त्यानं ती आधी वाचली नाहीत. बाजाराच्या गर्दीत पाठमोरं माणूस नुसत्या चालीवरनं ओळखू यावं तसं ते वाक्य त्याला आधी ओळखू आलं आणि मग वाचता आलं. ‘त्या दिवशी आक्काची हजेरी मांडली गेली आणि आमच्या घरात मिलोची भाकरी झाली.’ वाक्याच्या टोकाला एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती, पुढच्या शब्दाची वाट बघत. पुढचा शब्द कोणता ते सितारामला पाठ होतं. हे पुस्तक जळून इतकी वर्षं झाली होती की आता ते फक्त त्याच्या डोक्यात आणि आक्काच्या डोक्यात उरलं आहे, आणि दोघं गेली की संपेल, असं त्यानं कधीच मनाशी धरून टाकलं होतं. ते इथं, परभणीच्या स्टेशन रोडवर, पंख्याच्या वाऱ्यात, एका पेटीत दिवा लावून बसलं होतं.

“या सर, या!” बन्सीधर खुर्चीतच वळला. तिशीचा, गोलसर चेहऱ्याचा माणूस. वडलांचा खिळ्यांचा छापखाना मोडून त्यानं वर्षापूर्वी ही पेटी आणली होती. “झाली का आता पंचाईत! तुमाला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. मुजमुले सर म्हनले, वाव्हळे सरांच्या हातात एकदम पुस्तकच ठेवू.”

“हे आणलं कुठून?”

“मुंबईच्या कुठल्या तरी लायब्ररीत एक प्रत घावली म्हने त्यांना. तिची झेरॉक्स काढून आनली. आमच्या वडलांनीच छापलेलं ना सर ते, ‘करडईचं रान’. आता मी घेतलं सगळं कॉम्प्युटरवर. दोन-चार पानं तपासायची ऱ्हायली. आता कुनी कितीबी जाळू द्या.” बन्सीधर मनापासून हसला. त्याच्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, आणि त्यामुळे सितारामला रागवायला जागा सापडेना. तो लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत राहिला. मग पत्रिकेचा कागद टेबलावर ठेवून, “येतो” म्हणून तो बाहेर पडला.

बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं आणि उरुसाला आलेल्या माणसांनी रस्ता भरला होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन, पोरांची मनगटं घट्ट धरून चालल्या होत्या. पुतळ्यापाशी संक्रांतीपासूनच्या निळ्या पताका अजून तशाच होत्या. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली त्या दिवशी सितारामही इथं उभा राहिला होता, कुणीतरी त्याच्या कपाळाला गुलाल लावला होता, कुणीतरी त्याला मिठी मारून रडलं होतं, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या गर्दीत पंडित मुजमुलेनं त्याला हाताला धरून ओट्यावर चढवलं होतं आणि माईकवर सांगितलं होतं: हे आपले वाव्हळे सर, ज्यांचं घर जाळलं, पुस्तक जाळलं, पण शब्द जळले नाहीत. तेव्हा टाळ्या झाल्या होत्या. सितारामनं मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला. पण जळलेल्या शब्दांविषयी कुणी बोलू लागलं की त्याची मान नेहमीच अशी खाली जायची, कारण ते जळताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं आणि काय म्हणालं होतं, ते त्याला त्या वेळी ऐकू येत असे.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तो कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता, वसतिगृहात राहत होता आणि सुटीत गावी आला की आपण परक्याच्या घरी जेवतो आहोत असं त्याला वाटायचं. जिंतूर तालुक्यातलं ते गाव, चारठाण्याच्या अलीकडे सडक सोडून आत. बाप गेलेला, माय अंथरुणाला खिळलेली, आणि नवऱ्यानं टाकलेली थोरली बहीण सरजाबाई, म्हणजे आक्का, आपल्या पोरीला घेऊन माहेरी. देवगाव फाट्याकडच्या सडकेवर खडी फोडायचं काम निघालं होतं; मजुरीवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळायची. आक्का पहाटे जायची, तिच्या लुगड्याला, केसांना, पापण्यांना खडीची पांढरी भुकटी असायची, आणि ती हसली की तोंडावरची भुकटी तडकायची. हजेरी मांडणारा मुकादम कुणाकुणाची हजेरी मांडायचा नाही. मग आक्काची रोज मांडली जाऊ लागली. मग आक्का हसेनाशी झाली. पुढचं सगळं सितारामनं पुस्तकात लिहिलं होतं: मुकादमाचं नाव, ट्रॅक्टरच्या शेडमागची जागा, आक्काला दिवस गेले ते, म्हाताऱ्या सुईणीनं दिलेला काढा, आणि नाल्याच्या काठी मातीत पुरलेलं ते चिंधीतलं, ज्याला नावही नव्हतं. एकतिसावं पान ते चाळिसावं. त्यानं ते सत्य म्हणून लिहिलं. आपण भाकरी खाल्ली तिची किंमत काय होती ते जगाला कळलं पाहिजे, म्हणून लिहिलं. लिहिताना तो ढसाढसा रडला होता, आणि रडत असतानाही वाक्य कुठं तोडावं हे त्याला नीट कळत होतं. ही गोष्ट पुढे त्याला फार वर्षं टोचत राहिली. एका बाजूला रडायचं आणि दुसऱ्या बाजूला वाक्य तासायचं, ही कुठल्या जातीची माया?

आक्काला विचारावं असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. पुस्तक आलं त्याच्या पुढच्या जयंतीला गावच्या विहारात एका उत्साही माणसानं ते मोठ्यानं वाचायला घेतलं. बाया एका बाजूला बसल्या होत्या. आपल्या भावानं पुस्तक लिहिलं म्हणून आक्का धुवट लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती. एकतिसावं पान आलं. वाचणारा रंगात येऊन वाचत होता. आक्का उठली, “चूल पेटती ठिवून आले की बाई,” असं कुणाला न सांगता सगळ्यांना सांगितल्यासारखं म्हणाली, आणि पदर सावरत बायांच्या मांड्यांमधून वाट काढत निघून गेली. तेव्हा उन्हं कलत होती, कुणाच्याच घरी चूल पेटलेली नव्हती. मग पेरण्या होईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. बोलली ती एकदाच, तो मास्तर होता त्या शाळेच्या कुंपणापाशी उभं राहून. “सितू, तुपलं दुख तू लिही. मपलं कामून लिव्हलंस?” त्यानं तिला समजावलं होतं. व्यवस्था, शोषण, इतिहास, असे शब्द वापरले होते. ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “व्हय. पर नाव तर मपलंच हाय ना तिथं.”

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. नामांतराचा ठराव झाला आणि आठवडाभरात जिल्ह्यातली कितीतरी गावं पेटली, त्यांत त्यांची वस्तीही पेटली. छापखान्यातून आणलेले पुस्तकांचे गठ्ठे घरातच होते, खपलेले थोडे सोडले तर सगळे. रात्र त्यांनी ज्वारीच्या रानात बसून काढली आणि उजाडल्यावर परत आले, तेव्हा छपराचे पत्रे वाकून खाली आले होते आणि गठ्ठे अजून आतल्या आत जळत होते; कागद गठ्ठ्यात असला की लवकर जळत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. माय नव्हती हे बरं, असं तो मनात म्हणत होता. शेजारी आक्का उभी होती. तिची भांडी, तिच्या पोरीच्या लग्नातलं जपून ठेवलेलं लुगडं, सगळं त्या राखेत होतं. ती गठ्ठ्यांकडे बघत म्हणाली, “येवढं एक बरं झालं.” लोकांना वाटलं, बाई भ्रमली. सितारामला तसं वाटलं नाही. त्याच्या छातीवरची धोंड हलली होती. घर जळताना, माणसं मार खात असताना, आपलं पुस्तक जळतंय म्हणून त्याला हलकं वाटलं होतं, आणि या हलकेपणाचं काय करायचं ते त्याला आजपर्यंत उमगलं नव्हतं. जाळणाऱ्यांना तो मनातूनसुद्धा धड शिव्या देऊ शकला नाही. त्यांनी त्याची तेवढीही सोय ठेवली नव्हती.

पंडित मुजमुले कॉलेजात मराठी शिकवायचा. सितारामहून वयानं लहान, फाटक्या अंगाचा, दम्याचा, स्वतःच्या पगारातून दुसऱ्यांची पुस्तकं काढणारा. बन्सीधरकडून थेट दारात आलेल्या सितारामला बघून तो आधी खजील झाला आणि मग हसला. “बन्याच्या पोटात काही राहत नाही.”

“ते थांबव पंडित,” सिताराम उभ्याउभ्याच म्हणाला.

“काय थांबवू?”

“पुस्तक. मला नको आहे ते.”

पंडितनं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि वाद घालायला सुरुवात केली. तो वाद घालत होता तेव्हा त्याचे डोळे ओले होते. “सर, एक सांगा. ते पुस्तक तुमचं राहिलंय का? जाळलेलं पुस्तक एकट्याचं नसतं. आमच्या पोरांना काय देऊ मी? दुष्काळ म्हणजे पाऊस पडला नाही, एवढंच त्यांच्या पुस्तकांत आहे. आक्काचं प्रकरण वाचून माझ्या वर्गातली एक पोरगी दोन दिवस जेवली नाही.”

“वर्गात वाचलंस?”

“झेरॉक्स वाटल्या.”

सितारामनं डोळे मिटले. “विचारायचं तरी मला.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.” पंडितनं हे इतक्या सरळपणे सांगितलं की त्यात गुन्हा कुठं आहे ते दाखवता येईना. आपणही आक्काला असंच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तीही नाही म्हणाली असती. पंडित आपल्यासारखाच आहे, फक्त त्याच्याकडे पेटी आहे, असं सितारामला वाटलं. तरी तो हट्टाला पेटल्यासारखा म्हणाला, “आक्का जिवंत आहे रे. माझ्या घरात आहे. तिच्या नातीचं लग्न आहे पुढच्या पंधरवड्यात. पोरीची आई गेली तेव्हापासून आक्कानंच वाढवलंय तिला. तेवढं प्रकरण काढ. बाकीचं घे, माझी चामडी घे पाहिजे तर.”

पंडित दम लागल्यासारखा श्वास घेत राहिला. मग म्हणाला, “तेच तर पुस्तक आहे, सर.” आणि नंतर, सितारामचा चेहरा बघून, “चला. काढू.”

दोघं परत स्टेशन रोडवर आले, दोघांनी चपला काढल्या. बन्सीधरला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला; त्यानं महिनाभर खपून ते टाईप केलं होतं. तरी त्यानं ते प्रकरण काचेवर आणलं. एकतिसाव्या पानापासून सगळी अक्षरं एकाएकी काळ्या पट्ट्यात पांढरी झाली, ओल्या पाटीवर खडू उमटावा तशी. आक्का, मुकादम, सुईण, नाल्याचा काठ. सितारामला वाटलं, थांब म्हणावं. बन्सीधरनं एक कळ दाबली आणि काच कोरी झाली. कुठलाच आवाज झाला नाही. कागद जळताना किती आवाज करतो, हे त्याला त्या शांततेत आठवलं.

“गेलं?”

“गेलं, सर.”

“पूर्ण?”

“हितनं पूर्ण गेलं.” बन्सीधर पंडितकडे बघू लागला. पंडित खिडकीकडे बघत होता. “मागच्या आठवड्यात सरांनी फ्लॉप्या नेल्या ना, त्याच्यात असंल.”

पंडितनं खालच्या आवाजात सांगितलं. प्रुफं तपासायला म्हणून औरंगाबादच्या एका मित्राला एक दिली होती. नागपूरला एक. मुंबईला एक, तिथल्या मासिकवाल्या मित्रानं नामांतराच्या विशेषांकासाठी मागितली होती. त्या लोकांनी आणखी कुणाला करून दिल्या असतील तर ते सांगता येत नाही. “मी फोन करतो सर. सगळ्यांना करतो.”

“मूळ कुणाकडं आहे?” सितारामनं विचारलं. “मूळ प्रत कोणती? ती परत आणता येईल.”

“मूळ असं काही नसतं ह्याच्यात,” बन्सीधर समजुतीनं म्हणाला. “समद्या एकसारख्याच. झेरॉक्स जरा तरी पुसट येती, हे पुसटबी होत न्हाई.”

बन्सीधरच्या वडलांच्या वेळी असं नव्हतं. सितारामनं तो छापखाना पाहिला होता. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, दोरीनं बांधलेला पानांचा फर्मा छापून झाला की दोरी सोडायची, आणि अक्षरं धुऊन परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायची. आक्काचं प्रकरण छापलं गेलं त्याच आठवड्यात ते खिळे सुटले होते, आणि त्यांतल्याच ‘आ’ आणि ‘क’ यांनी कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या तेराव्याचं पत्र, कापसाच्या आडतीची पावती जुळली असेल. शिशालाही विसरायची रीत होती. या पेटीला ती शिकवायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून तो कोर्टात गेला. आबासाहेब वकील त्याच्या ओळखीचे होते, पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते उत्साहानं म्हणाले, “एकदम स्वच्छ केस आहे. लेखक तुम्ही, हक्क तुमचा. तुम्ही हयात असेपर्यंत आणि नंतर साठ वर्षं. तुमच्या परवानगीशिवाय कुणी छापलं, झेरॉक्स केली, त्या तुमच्या फ्लॉपीत घातलं, आपण नोटीस देऊ.”

“आणि आक्काचा हक्क?”

“कुणाचा?”

“जिच्यावर लिहिलंय, तिचा.”

“त्यांनी काही लिहिलंय का?”

“तिला सही येत नाही.”

आबासाहेबांनी चष्मा काढला. “मग कसला हक्क? फार तर अब्रूनुकसानीचा दावा. पण मग बाईंना पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल, हे घडलं किंवा नाही घडलं. आणि सर, राग मानू नका, पण तो दावा आधी तुमच्यावर लागेल. लिहिलंय तुम्ही.” मग त्यांनी विचारलं, “नोटीस कुणाच्या नावानं काढू? या मुजमुल्यांच्या?” सितारामला पंडितचा दम्यानं वरखाली होणारा गळा आठवला. विद्यापीठाच्या नावासाठी पंडितनं तुरुंगात काढलेले दिवस आठवले. आपला माणूस आपल्या माणसावर नोटीस काढतो, हे स्टेशन रोडवर कसं दिसेल ते डोळ्यांपुढं आलं. तो म्हणाला, “विचार करून सांगतो,” आणि उठला. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी पंडित आला तो दारातच उभा राहिला. मुंबईचा फोन लागला होता. विशेषांक छापून झाला होता, अंक पोस्टात पडले होते. आक्काचं प्रकरण त्यांनी सगळ्यात पुढं घेतलं होतं.

आतल्या खोलीत आक्का आणि सितारामची बायको सगुणा विशाखाच्या रुखवताची मांडामांड करत होत्या. आक्का आता बावन्नची होती, केस पिकलेले, पण आवाज खडखडीत. ती विशाखाला कशावरनं तरी चिडवत होती आणि पोरगी लाजून ओरडत होती. सिताराम उंबऱ्यात उभा राहिला. सांगायचं होतं. आता सांगितलं नाही तर ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल, पुन्हा, बायांच्या रांगेत बसून. “आक्का,” तो म्हणाला. तिनं वर पाहिलं. तिच्या हातात मण्यांचं तोरण होतं. “काय रे? पत्रिका आल्या का?” “उद्या,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो उंबऱ्यापर्यंत गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की हे सांगायचं वाक्य आपल्याला जुळवता येत नाही. ज्या माणसानं तिच्यावर दहा पानं लिहिली त्याला तिच्याशी एक वाक्य बोलता येऊ नये, याचं दुसऱ्या कुणाला हसूच आलं असतं. मग लग्नाचा दिवस आला.

लग्न नीट पार पडलं. त्रिशरण झालं, हार घातले गेले, जेवणावळी उठल्या. नवऱ्या मुलाचे काका माणिकराव जालन्याहून आले होते, पांढरेशुभ्र कपडे, छातीला निळा बिल्ला. ते मांडवात आक्काला शोधत आले. सिताराम लांबून बघत होता आणि काय होणार ते त्याला कळलं, पण तो पुढे झाला नाही. माणिकरावांच्या बगलेत गुंडाळलेला अंक होता. त्यांनी चारचौघांत, बायाबापड्यांच्या देखत, आक्कासमोर हात जोडले, आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

“तुमच्याविषयी वाचलं, माय,” ते म्हणाले. “तुमी काय सोसलं. आमच्या घरात तुमची नात यायलीय, आमचं भाग्य हाय.”

आजूबाजूच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी विचारलं, काय वाचलं? माणिकराव सांगू लागले, आदरानं, शब्द जपून. सितारामला वाटलं होतं की लोक थुंकतील, लग्न मोडेल, कुजबुज होईल. त्या सगळ्याशी तो मनातल्या मनात रोज लढत होता. या नमस्काराशी कसं लढायचं ते त्याला माहीत नव्हतं. आक्कानं पदर कपाळावर ओढला, मान हलवली, आणि उठून कुठंही गेली नाही. जायला जागा नव्हती. नात तिथंच, शालू नेसून उभी होती आणि आजीकडे बघत होती, जणू ती आजी तिनं कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. विशाखा सासरी गेली होती. जाताना तिनं आजीला गच्च मिठी मारली होती आणि काही विचारलं नव्हतं. आक्का ओट्यावर बसून उरलेले तांदूळ निवडत होती. सिताराम तिच्याजवळ जाऊन बसला. तिनंच विचारलं, “जळालं व्हतं ना रे ते?”

“एक राहिलं होतं कुठंतरी. त्याच्यावरनं केलं.”

“मंग आता हेबी जाळता यायचं न्हाई का?”

“हे कागदावर नाही, आक्का. कॉम्प्युटरमधी हाय. करंट असतो बघ, तसं. हितं मिटवलं तरी दुसरीकडं ऱ्हातं. किती ठिकाणी हाय ते कुनालाच ठाव न्हाई.”

ती निवडत राहिली. एक खडा काढून तिनं अंगणात टाकला. “त्याच्यात मी किती वर्साची हाय?”

“तीस.”

“आन तशीच ऱ्हानार का ती? तीसचीच?”

“हं.”

“खडी फोडीत?”

सितारामनं तिच्या सुपातला एक खडा वेचला.

“आन त्यो मुकादमबी हाय तिथं. रोज.” हे तिनं विचारलं नाही. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. समोरच्या रस्त्यावरून उरुसातून परतणाऱ्या बैलगाड्या चालल्या होत्या. मग एखाद्या लांबच्या, आजारी नातलगाविषयी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, “लय ऊन असायचं रं तिथं. झाड व्हतं एक, बाभळीचं, पर बसू देत नव्हते. सितू, तुला लिव्हता येतं. तिला घडीभर त्या झाडाखाली बसव की. जास्ती न्हाई. पानी पिऊन उठंल ती.”

“बसवतो,” सिताराम म्हणाला.

“बसवशील न्हवं?”

“बसवतो, आक्का.”

तो उठला आणि ऊन उतरायची वाट न बघता चालू लागला. स्टेशन रोडवर उरुसाची दुकानं मोडत होती, बांबू आडवे पडत होते. बन्सीधरच्या दारात त्यानं चपला काढल्या, पडदा सारला, आणि बसता बसताच सांगितलं, “एक ओळ घे. मी सांगतो.” बन्सीधरनं काच कोरी करून दिली. सितारामनं डोळे मिटून वाक्य जुळवलं. या वेळी कुठं तोडावं ते त्याला कळत नव्हतं. “त्या दिवशी दुपारी,” तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा म्हणाला, “त्या दिवशी दुपारी आक्का बाभळीच्या सावलीत घडीभर बसली. ती पाणी प्यायली. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही.” कळा वाजल्या. अक्षरं एकेक करून उमटली, काळी, एका रेषेत, आणि टोकाला ती रेघ लुकलुकू लागली.

बन्सीधरनं ओळ वाचली. मग मान वळवून, अगदी साध्या, कामाच्या आवाजात विचारलं, “हे कुठं जोडू, सर?”